दुसऱ्याचा बिल्ला

आमच्या घरमालकांना जेवायला बोलवायचं तर आधी स्वयंपाकघरातली जर्मनची भांडी उचलून पलंगाखाली सरकवावी लागत. मला हे कळलं ते फजिती झाल्यावर. एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षी लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपूरला आले. नवरा तिथल्या लष्करी फॅक्टरीत होता, आणि बिऱ्हाड दीक्षितपुऱ्यात, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं. घरमालकांना एकदा पानावर बसवावं म्हणून मोठ्या हौसेनं बोलावलं. काका आले, पाटावर बसले, आणि ताटाकडे न बघता त्यांनी समोरचं भाताचं पातेलं फडक्यानं धरून उचललं. मान वाकडी करून बूड पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं.

"बाजारचं आहे," ते म्हणाले. "वाढा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला हे ठाऊक होतं आणि त्यानं मला सांगितलं नव्हतं. त्याबद्दल त्याला मी नंतर पुरेसं ऐकवलं.

सगळा दीक्षितपुरा त्यांना काका म्हणत असे. फॅक्टरीत ते तपासणीस होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या वस्तूवर त्यांचा ठसा बसला तरच ती पुढे जायची, आणि ठसा सहसा बसत नसे. घरीही तेच. आज गार आहे म्हटलं तर "पुरावा?" मेथी ताजी आहे म्हटलं तर "पुरावा?" एकदा माझ्या नवऱ्यानं मोठ्या आनंदानं बातमी आणली की सेक्शनचा साहेब बदलून चालला. काका म्हणाले, "आर्डर पायली का डोळ्यानं? नाही न? मग हवा आहे ते." साहेब पुढे चार वर्षं तिथेच होता.

शहराच्या गढा भागातल्या एका लग्नात तर कमाल झाली. पंगत बसायची वेळ, आणि हे गृहस्थ आचाऱ्याच्या पाठीमागे उकिडवे बसून धुतलेली पातेली एकेक करून पालथी घालत होते. मुलीच्या बापाला वाटलं चोर शिरला. दोघांनी दंड धरून त्यांना मांडवाबाहेर आणलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तिसरं पातेलं पुन्हा पायलं पाहिजे. त्याच्या कडेला भोक बुजवलेलं वाटते."

ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, आणि काकांच्या डोक्यात एक विमान होतं.

मोठ्या लढाईत, म्हणजे इंग्रजांच्या वेळी, शहराबाहेर एक धावपट्टी होती आणि तिच्या शेजारी विमानं दुरुस्त करायचं लष्करी वर्कशॉप. काका विशीत असताना तिथे कामाला होते. तिथून दुरुस्त होऊन उडालेलं एक विमान मंडल्याच्या सडकेच्या आतल्या अंगाला, जंगलातल्या टेकडीवर पडलं. आत चार गोरे होते, चारही मेले. लष्कराची गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. सांगाड्याचा पत्रा आसपासच्या गोंडांनी काढून नेला, काही घरात वापरला, काही शहरातल्या भांडी करणाऱ्यांना दिला. विमानाच्या पत्र्याला रिव्हेटची भोकं असतात, ती ठोकून बुजवली तरी बोटाला लागतात, असं काका सांगत. "ज्याच्या घरी पत्रा, त्याच्याच घरी बाकीचं," हे त्यांचं गणित होतं. बाकीचं म्हणजे काय, ते सांगत नसत. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "इतिहास लिहून राहिलो. त्या विमानाचा." लोक हसत. मीही हसत असे.

दर रविवारी ते सायकलीवर त्या टेकडीला जात. कॅरियरला चाळणी, खुरपं, सुतळीचा गुंडा आणि भाकरीचा डबा. त्यांनी सगळ्या उतारावर सुतळीनं चौकटी पाडल्या होत्या. एका रविवारी एक चौकट, वीतभर खोल, आणि सगळी माती चाळणीतून. बायका तांदळातले खडे निवडतात तसे ते बसून निवडत. सापडलेला प्रत्येक स्क्रू, काचेचा तुकडा, वितळून गोळा झालेला पत्रा कागदाच्या पुडीत जाई आणि पुडीवर चौकटीचा नंबर पडे. खालच्या खोलीतलं एक कपाट या पुड्यांनी भरलेलं होतं. इतक्या वर्षांत निम्मी टेकडी चाळून झाली होती, निम्मी राहिली होती, आणि त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

मी बी.ए. होते, अक्षर बरं होतं. तेव्हा मी आल्यावर महिन्याभरातच त्यांनी मला इंग्रजी पत्रं लिहायला धरलं. दिल्लीच्या कचेऱ्यांना, विलायतेच्या कचेऱ्यांना. विमान कोणत्या जातीचं, कशाची दुरुस्ती झाली होती, कुठे निघालं होतं. शेवटचा प्रश्न प्रत्येक पत्रात तोच असे, "विमानात एकूण माणसं किती होती, आणि ती कशावरून मोजली?" उत्तर यायचं दोन ओळींचं. चार. काका तो कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघायचे. "चार म्हणतात," ते म्हणायचे. "पुरावा?"

आता मला त्यांचा राग का आला होता ते सांगते. त्या वर्षी पावसाळ्यात माझं पहिलं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. पहाटे रिक्षा आणून मला दवाखान्यात न्यायची धावपळ चाललेली. फॅक्टरीत तेव्हा जादा पाळ्या सुरू होत्या, गैरहजर राहिलं की ताकीद. फाटकाशी एक पेटी असे. सकाळी आत जाताना प्रत्येकानं आपला नंबराचा पितळी बिल्ला तिच्यात टाकायचा, भोंगा झाला की पेटी बंद. ज्याचा बिल्ला पेटीत तो हजर, आणि संध्याकाळी बाहेर पडताना बिल्ला परत घ्यायचा. नवऱ्यानं आपला बिल्ला काकांपुढे धरला आणि हात जोडून म्हणाला, "काका, आजच्या दिवस टाकून द्या. अकरापर्यंत मी पोचतो."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "दुसऱ्याचा बिल्ला मी हातात धरत नाही."

मी रिक्षात वाकून बसले होते आणि हे ऐकत होते. नवऱ्याला ताकीद मिळाली, ती मिळणारच होती. पण त्या माणसाचे पाठीमागे गेलेले हात मला विसरता येईनात. दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. ते दर रविवारी संध्याकाळी खेड्यातून आणलेलं काहीतरी, कधी चार कणसं, कधी पानात बांधलेला मध, आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून जात. मी ते उचलत नसे. वहिनी उचलून आणून देत.

वहिनी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको. काकांनी लग्न केलं नव्हतं, आणि खाली ही दोघंच राहात. काका त्यांना वहिनी म्हणत म्हणून सगळा वाडा वहिनीच म्हणे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वटसावित्रीला उपाशी राहून वडाला सूत गुंडाळत. मी समजत होते, नवरा कुठे परगावी नोकरीला असेल. हळदीकुंकवाला त्यांची ओटी भरताना काही बायकांचे हात मध्येच थांबत, ते मात्र मी पाहिलं होतं. एका दुपारी तांदूळ पाखडताना मी सरळ विचारलं.

"ते पळाले म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "मी नाही म्हणत. सरकार म्हणते."

थोरले भाऊ त्याच लष्करी वर्कशॉपात फिटर होते. तिथे एक रीत होती, ज्यानं दुरुस्त केलं त्यानं बसून दाखवावं. कागदावर हिंदुस्थानी कामगाराला परवानगी नव्हती, पण एखादा गोरा साहेब म्हणायचा, चल, तुझ्या कामावर भरवसा असेल तर बस. काकांचं म्हणणं, दादा त्या दिवशी त्या विमानात बसले होते. सरकारचं म्हणणं, विमान पडलं बुधवारी, आणि गुरुवारी या माणसाची हजेरी लागलेली आहे. मेलेला माणूस कामावर येतो काय? गुरुवारी आला, शुक्रवारपासून नाही, म्हणजे पळाला. लढाईच्या काळात काम सोडून जाणं गुन्हा होता.

"पोलीस आले घरी," वहिनी म्हणाल्या. "माझी ट्रंक उघडून पायली, जसा मी त्यांना तिच्यात लपवला. मग कोणी म्हणे कलकत्त्याला बाई ठेवली, कोणी म्हणे बर्म्याला गेले. सासू तेच ऐकत ऐकत मेली."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय होते ग? मेले म्हटलं तर कुंकू जाते. पळाले म्हटलं तर इज्जत जाते. दोन्ही सांभाळून बसली आहे अठ्ठावीस वर्षं." त्यांनी सूप पुढे ढकललं. "चल, एवढे निवडून टाक."

त्या दिवशी मला त्या कपाटातल्या पुड्या कळल्या. हा माणूस विमानाचा इतिहास लिहीत नव्हता. तो चाराचे पाच करू बघत होता. माझा राग पुरता गेला नाही, पण त्या रविवारची कणसं मी स्वतः पायरीवरून उचलली.

हिवाळ्यात त्यांनी मला टेकडीवर नेलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची जबानी इंग्रजीत लिहून घ्यायची होती. नवऱ्याला सुट्टी नव्हती, वहिनी नाही म्हणाल्या. मंडल्याच्या सडकेनं बस, मग दोन तास पायी. टेकडीच्या पायथ्याशी दहा-बारा घरांची वस्ती. आम्ही पहिल्याच घराच्या अंगणात शिरलो, तर तिथली म्हातारी उठली आणि काही न विचारता आतून चार पातेली आणून जमिनीवर पालथी मांडून मोकळी झाली.

"देख लो साहब," ती म्हणाली. "सब देख लो."

काकांनी अंगठा फिरवून चारही पाहिली, वहीत खूण केली आणि चाळणी घेऊन वर चौकटीकडे गेले. माझ्या पायाला फोड आला होता, मी तिथेच ओट्यावर बसले. म्हातारीनं मला भाजलेला मका दिला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मी सहज विचारलं, एवढी माणसं डोक्यावर येऊन मेली, तुम्हाला भीती नाही वाटली?

"लगी काहे नहीं बाई. चार तो ऊपर थे, गोरे. उनको मोटर में ले गए. पाँचवाँ तो हमको चार दिन बाद मिला, नीचे, नाले में."

माझ्या हातातला मका तसाच राहिला.

पाचवा गोरा नव्हता. "अपने जैसा था." तोवर गावानं पत्रा काढून लपवला होता, आणि लष्कराची माणसं ताकीद देऊन गेली होती की कोणी हात लावला तर तुरुंग. नाल्यात माणूस आहे हे सांगायला गेलं तर पत्र्याचं निघणार. म्हणून गावानंच त्याला माती दिली, वर दगड ठेवला. आपल्या मेलेल्यांना वर्षाला पान वाढतात तेव्हा त्यालाही एक वाढतात.

"साहब को क्यों नहीं बताया?" मी विचारलं.

"साहब सरकारी हैं," ती म्हणाली. "बीस बरस से पतीली उलटाते हैं. पतरा पूछते हैं, लोहा पूछते हैं. आदमी का तो कभी पूछा नहीं."

मी विचारलं, त्याच्याजवळ काही होतं का? तिनं भिंतीतल्या कोनाड्याकडे हात केला. तिथे एक पितळी डबा होता, कड्यांचा, काळा पडलेला. तिनं त्यातलं भोपळ्याचं बी पदरात ओतून घेतलं आणि डबा माझ्यापुढे ठेवला. मी तो उलटा केला. एव्हाना मलाही ती सवय लागली होती. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, एका माणसाचं आणि गावाचं. तेच नाव, त्याच वळणाचं, मी रोज वहिनींच्या परातीवर पाहात होते. त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या भांड्यांवर घालून दिलेलं.

मी काकांना हाका मारल्या. ते खाली आले. डबा मी पुढे केला तर त्यांनी हात लावला नाही.

"हे पितळ आहे," ते म्हणाले. "विमानात पितळेची भांडी नसतात."

"काका, बूड बघा."

त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. मग ते ओट्यावर बसले. याच ओट्यावर बसून ते किती वेळा पाणी प्यायले असतील आणि समोरच्या कोनाड्यात तो डबा तेव्हाही असेल. त्यांनी आयुष्यभर जर्मन उलटं केलं, पितळेला हात लावला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

दगड नाल्याच्या काठाला, एका झाडाखाली होता. काकांनी चपला काढल्या आणि उभे राहिले. रडतील, काही बोलतील म्हणून मी मागे थांबले. त्यांनी चपला घातल्या आणि दगडापासून आपल्या शेवटच्या चौकटीपर्यंत पावलं मोजत गेले. मग परत मोजत आले.

"बावीस," ते म्हणाले. "माझ्या सुतळीच्या बाहेर बावीस पावलं."

परतताना बसमध्ये डबा त्यांच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेला होता. मला वाटलं, घरी गेल्यावर पहिलं तो वहिनींच्या हातात जाईल. गेला नाही. तो कपाटात गेला, नंबर घातलेल्या पुड्यांच्या शेजारी. आधी कचेरीचं उत्तर येऊ दे, म्हणाले. आपण सांगायचं आणि सरकार नाही म्हणायचं, हे वहिनींना दुसऱ्यांदा नको. मी भांडले. "बायकोचा डबा आहे, तिला द्यायला सरकार कशाला लागतं?" ते ऐकेनात. अर्ज गेला, म्हातारीचा अंगठा जोडून. दोन महिन्यांनी उत्तर आलं. डबा कोणाच्याही हाती जाऊ शकतो. संबंधित इसम अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर असल्याची नोंद आहे. सबब शेरा बदलता येत नाही.

मी तो कागद वाचून दाखवला. काकांनी तो उलटा करून मागची बाजू बघितली नाही. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. गळ्यात एक काळ्या कापडाची पिशवी असे, मी समजत होते अंगारा असेल. तिच्यातून त्यांनी एक पितळी बिल्ला काढून माझ्यापुढे ठेवला. नंबर जवळजवळ पुसला होता.

"दादाचा आहे," ते म्हणाले.

त्या बुधवारी दादा धावपट्टीवरूनच विमानात बसले. रात्री दुसऱ्या तळावर थांबून सकाळी परत, असं सांगून गेले. वर्कशॉपच्या फाटकाशीही अशीच पेटी होती; संध्याकाळी तिथे भावाचा म्हणून दोघांचे बिल्ले काकांनीच घेतले. गुरुवारी सकाळपर्यंत दादा आले नाहीत. विमानं अशी तासा-दोन तासांनी उशिरा येतच. दादाची हजेरी जाऊ नये म्हणून काकांनी पेटीत दोन बिल्ले टाकले. दुपारी विमान पडल्याची बातमी आली, आणि संध्याकाळी दोन्ही बिल्ले परत घेऊन ते घरी आले.

"सांगितलं का नाही?"

"लढाई होती. खोट्या हजेरीला जेल होती." त्यांनी शर्टाचं बटण लावलं. "आणि मग एक दिवस गेला. मग दुसरा गेला. मग सांगायचं म्हणजे दोन गुन्हे झाले, एक बिल्ल्याचा आणि एक न सांगण्याचा. म्हटलं, टेकडीवर काही सापडलं तर बिल्ल्याचं काढावंच लागणार नाही."

मला माझ्या दवाखान्याच्या दिवसाचे ते पाठीमागचे हात आठवले.

"लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. भावाचा बिल्ला मी टाकला, भाऊ त्या दिवशी हजर नव्हता, मूळ बिल्ला पुरावा म्हणून सोबत जोडत आहे. मग ते म्हणाले, "आता लिही, हे मी माझ्या मनानं केलं, कोणाच्या सांगण्यावरून नाही." मी म्हटलं, त्याची गरज नाही, 'मी केलं' यात ते आलं. ते म्हणाले, लिही. मी लिहिलं. त्यांनी मला ते मराठीत करून सांगायला लावलं आणि म्हणाले, खाली सहीच्या आधी पुन्हा एकदा लिही. तपासणिसाची खोड म्हणून मी ते दोनदा लिहिलं.

टपालात टाकण्याआधी त्यांनी वहिनींना समोर बसवलं. आधी डबा ठेवला. वहिनींनी तो उलटा केला, ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिल्या. कुठे, कसा, कोणत्या झाडाखाली, ते मी सांगितलं. मग काका म्हणाले, "वाचून दाखव." मी सगळा अर्ज मराठीत वाचला. माझ्या मनानं केलं, कोणाच्या सांगण्यावरून नाही, हे वाक्य आलं तेव्हा वहिनींनी मान वर करून काकांकडे पाहिलं. काका फरशीकडे बघत होते. दुसऱ्यांदा ते वाक्य आलं तेव्हा वहिनींनी पाहिलं नाही. अर्ज संपला. त्या उठल्या, आत गेल्या, डबा चिंचेनं घासत बसल्या. संध्याकाळी दिवा लावायला बाहेर आल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं. मला तेव्हा रडू आलं, त्यांना नाही.

मग लढाई आली. आम्ही काचांना कागद चिकटवले, नवरा बारा-बारा तास फॅक्टरीत. कचेऱ्यांना आमच्या कागदासाठी वेळ नव्हता. काका रोज धुतलेला शर्ट घालून कामावर जात. कबुली दिली आहे, साहेब कधीही बोलावेल. कोणी बोलावलं नाही. गळा रिकामा लागतो म्हणून त्यांचा हात सारखा बटणाशी जाई. रविवारी ते टेकडीवर जाईनात. चाळणी वहिनींनी पीठ चाळायला घेतली. लढाई संपल्यावर महिन्याभरात त्यांच्या छातीत कफ झाला, आणि आठ दिवसांत ते गेले. शेवटच्या दिवशी नवरा त्यांना म्हणाला, "काका, आज बरे वाटता." ते म्हणाले, "पुरावा?" एवढंच.

तेराव्यानंतर वहिनी वर आल्या, माझ्या स्वयंपाकघरात बसल्या.

"एक अर्ज लिहून दे. माझा."

"कशाचा?"

"भाऊजींच्या अर्जात एक खोटं गेलं आहे. दोनदा गेलं आहे." त्या सावकाश बोलत होत्या. "बिल्ले देवाजवळच्या खुंटीवर राहायचे. त्या सकाळी भाऊजींनी आपला काढला आणि निघाले. मी म्हटलं, ह्यांचा पण घेऊन जा, टाकून द्या. ते नको म्हणे. म्हणे वहिनी, दादा येईल तेव्हा येईल. मीच खुंटीवरचा काढला आणि त्यांच्या हातात कोंबला. म्हटलं, काहून घाबरून राहिले, एका दिवसाची तर गोष्ट आहे."

मी हातातलं काम ठेवून त्यांच्यासमोर बसले.

"एकोणतीस वर्षं एका घरात राह्यलो," वहिनी म्हणाल्या. "ना ते बोलले, ना मी. मला वाटे ते विसरले असतील. त्या दिवशी तू वाचलं तेव्हा समजलं, विसरले नव्हते. माझं नाव येऊ नये म्हणून पुरावा शोधत होते. पुरावा तर मी होती, खाली बसलेली."

मी अर्ज लिहिला. त्यांनी सांगितलं तसा, एक शब्द कमी न करता. त्यांनी अंगठा दिला. पाकीट घेऊन मी टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. दोन अर्जांत दोन गोष्टी दिसल्या तर कचेरी दोन्ही फेकून देईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्या माणसानं माझ्याकडून एक वाक्य दोनदा लिहून घेतलं होतं, आणि ते खोडायला माझा हात होईना. वहिनींनी विचारलं, टाकला? मी म्हटलं, टाकला.

वर्षानं पत्र आलं. नवीन पुराव्याचा विचार करून फरार हा शेरा रद्द करण्यात येत आहे, सदर इसम विमान अपघातात मरण पावल्याचं ग्राह्य धरण्यात येत आहे. मी ते वहिनींना तीनदा वाचून दाखवलं. त्यांनी डबा मांडीवर घेतला होता.

"कोणत्या अर्जानं झालं?" त्यांनी विचारलं. "भाऊजींच्या, की माझ्या?"

पत्रावर काकांच्या अर्जाचा नंबर स्पष्ट छापलेला होता. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं.

"तुमच्या," मी म्हटलं.

त्यांनी डब्याच्या बुडावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे खरं सांगितलं असतं तर तेव्हाच ऐकलं असतं त्यांनी."

मला त्यांना धीर द्यायचा होता. मी जे म्हटलं त्यानं काय केलं ते मला त्या क्षणी कळलं, आणि आता ते मागे घेता येत नव्हतं. वहिनी त्यानंतर अकरा वर्षं जगल्या आणि तेच मनाशी धरून गेल्या. त्यांचा अर्ज अजून माझ्या ट्रंकेत आहे. खाली त्यांचा अंगठा आहे, जांभळ्या शाईचा, जरा डावीकडे सरकलेला.